डावी भुवई

चूक माझीच. मायक्रोब्लेडिंगवर वीस टक्के सूट होती
आणि मावसबहिणीचं, ऑड्रोनेचं लग्न शनिवारवर आलेलं.
ती बाई पातं चालवताना फोनवर कुणाशी तरी भांडत होती,
घर कुणाच्या नावावर, यावरून.
उजवी काढली तेव्हा ती ऐकत होती.
डावी काढली तेव्हा ती बोलत होती.

खपली पडली, रंग मुरला,
आणि डावी भुवई कायमची वर, अर्ध्या बोटानं.
उजवी साधीभोळी,
शेजारघरी काय चाललंय याची गंधवार्ता नसलेली.

मी क्लाइपेदाच्या धक्क्यावर बोटीची तिकिटं विकते.
पलीकडे वाळूची लांबट पट्टी, पाइनची झाडं,
मधे दहा मिनिटांचं पाणी.
लोक खिडकीशी वाकतात, एक मोठा एक लहान म्हणतात,
मग माझ्याकडे बघतात
आणि खुलासे सुरू होतात.
सहाच वर्षांचा आहे हो, उंची बापावर गेलीय.
सायकल माझीच आहे.
कुत्रा चावत नाही. म्हणजे, एकदाच.
रिमगाउदास नावाचा एक म्हातारा, दर मंगळवारचा,
एकदा पैसे मोजता मोजता म्हणाला,
बायकोला सांगितलंय, मासे धरायला जातो.
मी काहीच विचारलं नव्हतं.

सासऱ्यांना पुरताना मी मनापासून रडत होते.
नणंद कानाशी येऊन म्हणाली,
तुला पटत नाहीये का, ते गेले ते?
नवरा म्हणायचा, प्रेमानं काही बोललो
की तू पुरावा मागतेस असं वाटतं.
त्यात थोडं तथ्य होतं.
सगळंच काही भुवईवर ढकलता येणार नाही.

आधी कन्सीलर थापला. मग झुलपं कापून कपाळावर घेतली.
समुद्रावरचा वारा दर अर्ध्या तासानं माझं बिंग फोडायचा.

कपाळी लिहिलेलं पुसता येत नाही म्हणतात.
येतं. पाच बैठका, मधे आठ-आठ आठवडे,
पावतीसकट.

जुन्या बाजारामागे, दुसऱ्या मजल्यावर, गिंताउतेकडे.
डोळ्यांवर धातूच्या वाट्या. अंधार.
मग टिक्, टिक्,
जळक्या केसांचा वास,
तव्यावरून उडालेला तेलाचा थेंब
पुन्हा पुन्हा त्याच जागी.
कातडी पांढरी होते, पोळीला पीठ लागून राहावं तशी.
खाजवायचं नाही, खपली उचकटायची नाही, ऊन नको,
ऊन असतंच कुठे आमच्याकडे, मी म्हणाले,
ती हसली नाही, तिच्या हातात यंत्र होतं.

रंग एकदम जात नाही.
काळसर तपकिरीचा आधी गंज होतो,
मग सामन माशाचं कच्चं मांस.
दोन महिने मी नारिंगी शंकेखोर होते.

उजवीचं काय करायचं? गिंताउतेनं विचारलं.
ती बरी होती की तशी.
पण एकटी ठेवून काय करू?
काढ, म्हणाले.
ती जास्त चिवट निघाली, सहावी बैठक तिच्यासाठीच लागली.
नीट कोरलेलं खोलवर गेलेलं असतं, गिंताउते म्हणाली
आणि बिलात एक ओळ वाढवली.

आता तिथे माझेच केस आहेत, विरळ, इकडे तिकडे वळलेले,
सुट्टीवरून उशिरा परतलेल्या मुलांसारखे.
खिडकीशी कुणी काही सांगत नाही.
काम पटापट होतं. दुपारी रांगच नसते.

काल मंगळवार. रिमगाउदास आला.
एक मोठा, म्हणाला. सुटे पैसे होते.
मी तिकीट हातातच धरून थांबले.
त्यानं ते ओढून घेतलं आणि बोटीकडे निघाला.
गळ नाही, बादली नाही, जाकिटाला इस्त्री.

मी डावी वर करून पाहिली, मुद्दाम,
अजून उचलता येते का ते.
जड गेली. जराशी आली.
त्याची पाठ होती, त्याला दिसलं नाही.
मागच्या बाईला दिसलं.
तिच्या हाताला एक मुलगी, पुढचा दात पडलेली.

सात, ती बाई म्हणाली. परवाच झाली.